कांडोळीचा डिंक

दीक्षा : आबा, सदरा वर करा. दार लावलंय मी.

जानू : काय नाय झालं. तू आपली दवाखान्यात ड्युटीवर जा.

सुंदराबाई : काय नाय कसं? पोटावरच्या संडासच्या पिशवीखाली झाडाचा डिंक चोपडलाय गो यांनी! आता आग आग करतायत.

दीक्षा : कसला डिंक?

जानू : कांडोळीचा. तूच बोललीस, पिशवी कातडीला चिकटवायच्या चकतीत तोच असतो. आख्खं पोरवय त्या झाडांना चरे पाडण्यात गेलं माझं. मला शिकवतेस?

दीक्षा : असतो. पण निवडून, जंतू मारून, भुकटी करून. तुम्ही सालीसकट लावलात, मुंग्यांसकट!

जानू : मुंग्या झटकल्या व्हत्या.

दीक्षा : हसू नका, आबा.

जानू : रानात आमी खरवडायचा, व्यापाऱ्याच्या पोत्यात भरायचा. नि आमच्याच पोटाला तो चालत नाय?

दीक्षा : राग खरा आहे. पण तो कातडीवर का काढता? असं काय अडलं होतं?

सुंदराबाई : परवा वीस मार्च. चवदार तळ्यावर जायचंय त्यांना.

जानू : गेल्या महिन्यात एसटीत पिशवी सुटली. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठली. माझ्या बापाला लोकं अशीच लांब बसवायची. तेव्हा राग यायचा गो. त्या दिवशी राग नाय आला. माझीच लाज वाटली.

दीक्षा : चकतीचं भोक केवढं कापता?

जानू : आपरेशन झाल्यावर दाखवलं तेवढंच.

दीक्षा : तीन महिने झाले! पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड आकसतं, भोक पुन्हा मोजून बारीक करायचं असतं. म्हणून गळते ती. कुणी सांगितलं नाही?

जानू : कोन सांगतंय? पिशवी हातात कोंबली, पुढचा नंबर.

दीक्षा : नालायक साले! आणि मी? घरात नर्स असून तीन महिने तुमच्या ‘बरं हाय’वर गप्प बसले.

जानू : लेकीला काय पोट दाखवायचं?

दीक्षा : रोज दहा जणांची बघते.

जानू : ते तुझे बाप नायत.

सुंदराबाई : झोपा आता मुकाट. पोर उपाशी आलीय.

(जानू खाटेवर आडवा होतो, तोंड भिंतीकडे.)

दीक्षा : डिंक कोमट पाण्यानं भिजवते. ओढणार नाही. कातडी सुकली की नीट मापाची चकती लावू.

जानू : नि तळ्यावर गळली तर?

दीक्षा : तर तिथंच आडोसा बघून बदलू. मी शेजारीच असेन.

जानू : हात गार हाय गो तुझा.

दीक्षा : काढू?

जानू : नाय. असू दे.