समुद्राकडे पाठ

...आणि ते म्हणतात, पश्चिमेला भिंत घाल. अहो, पश्चिमेला समुद्र आहे. तुम्हाला सांगते, कोकणातला ऐन किनारा, समोर अख्खा अरबी समुद्र, आणि त्याच्या तोंडावर भिंत... तीही बिनखिडकीची...

मी शिकले अहमदाबादला, आर्किटेक्चर. यवतमाळला परत आले ती गावोगाव मातीची, सावलीची घरं उभारायला. पण कापसाचे हे असे दिवस, बाजार थंड, नवं घर काढतंय कोण? वर्षभरात काम आलं एकच. शेजारचे चंद्रशेखरकाका, रिटायर्ड वकील, त्यांनी गुहागरजवळ सुट्टीच्या घरासाठी जागा घेतली. हे काम गेलं असतं तर बाबा मला पुण्याच्या बिल्डरकडे चिकटवणारच होते, बोलणीसुद्धा झाली होती. म्हणून जीव ओतला. निसर्गाशी जुळवून घेणारं घर. जांभा दगड, उतरती कौलं, पश्चिमेला लांबलचक पडवी, बसलं की थेट समुद्र...

काकांनी नकाशा उलटा केला, सुलटा केला. "शाल्मली, हे पश्चिमेले काहून उघडं ठेवलं वं? भाजून निघू ना आम्ही."

"काका, तिथं वारा असतो."

"मे महिन्यात?" मग दया आल्यासारखं बघितलं. "बरं, कुलरची खिडकी कुठं आहे?"

म्हटलं, समुद्रावर हवा दमट, कुलर चालत नाही. तर म्हणतात, "काहून? लाईट नसते का तिकडे?"

निसर्गाशी जुळवून घेणारं घर, तुम्हाला सांगते... सुनीतीकाकू पन्हं घेऊन आल्या, त्यांना कौलं खुपली. "मी कुरड्या कुठं वाळवू? याच्यावर टाकल्या त घसरत समुद्रात जातील." सुट्टीला जाऊन कुरड्या? "मंग दिवसभर काय करू तिथं? अन् गच्चीच नाही त रात्री झोपू कुठं?"

म्हटलं, जागेवरच जाऊ, समुद्रच यांना पटवेल. गेलो. सूर्य पाण्याला टेकायला आलेला, वाळू सोनेरी, मी हात पसरून मागे वळते तर... दोघं जीपच्या पलीकडच्या सावलीत, सतरंजी टाकून, समुद्राकडे पाठ करून चिवडा खातायत.

"इकडे ये वं," काकू म्हणाल्या, "तिथं ऊन आहे."

मी भांडले. निसर्गाशी जुळवून घेणारं घर म्हणजे काय, ते उभ्या-उभ्या पुन्हा समजावलं, शेवटी एका खिडकीवर आले. काका कौतुकानं ऐकत होते. "पोरगी वकिलासंगं भांडून राह्यली, पाह्यलं का?" मग म्हणाले, "काम तुलेच देतो. भिंत मात्र राहील. पण तुझंही मन राखतो. त्या भिंतीवर आतून समुद्राचा मोठा फोटो लावू. पाह्यताही येते, ऊनही लागत नाही."

तर बाबा खूश, स्लॅब पडला, कुलरची खिडकी ठेवली, भिंत उभी आहे. फोटो निवडायचं माझ्यावर सोपवलंय, मी सूर्यास्ताचा नेऊन दाखवला. काकूंनी पदरानं वारा घेतला.

"सूर्य नको वं, पाहूनच गरम होते."

सध्या मी ढगाळ समुद्राचा फोटो शोधतेय.