मेबलसमोर हात वर करायची रीत

नाही नाही, तो झगा उलटा घातलात तुम्ही — शिवण आतल्या बाजूला, हां, अस्संच — आणि ते घड्याळ काढा आधी, शेळ्या राखणाऱ्याच्या हातात असलं लखलखीत घड्याळ असतं का? असेलही म्हणा, मी कुठं पाहिलेत त्या लढाईच्या देशातले शेळीवाले! मी आपलं हे वेलार्ड सोडून फिनिक्सच्या पलीकडं कधी गेले नाही, पण पाच वर्षं झाली, कंपनीनं उभारलेल्या खोट्या गावात रोज सकाळी तिकडची गावकरीण होते. कधी पाववाली, कधी विधवा. तुमच्या कार्डावर काय आलंय? 'शरण येणारा पुरुष'. अरे वा, पहिल्याच दिवशी! घाबरू नका हो, इथं मेबलच्या बंदुकीत रंगाच्या गोळ्या असतात, जरा चुणचुणतं, झालं. मेबल कोण? अहो, मशीन! कंपनीनं आकड्यांचं नाव ठेवलंय, ते कोण लक्षात ठेवतंय — चार चाकं, वर बंदूक, आणि अशी हळूहळू मान वळवून बघते ना, थेट आमच्या चर्चमधल्या मेबलबाई. माणूस दिसला की मारायचा की सोडायचा, हे तिचं तिनंच ठरवायचं. मागं बटणावर कुणी बसलेलं नसतं, तीच तर सगळी करामत.

आज मोठे साहेब यायचेत. आज पास झाली की खऱ्या गोळ्या भरून लढाईवर जाणार, आणि पुढचं मशीन तपासायला परत आमच्याच खोट्या गावात येणार — म्हणजे आम्हा चाळीस जणांचं काम पक्कं. तेव्हा नीट ऐका, तिच्यापुढं हात वर करायची एक रीत आहे — दोन्ही हात, कानांच्या वर, बोटं फाकलेली, आणि तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. कुणी शिकवली? कुणी नाही, मीच शोधली! आधी तिचा फार गोंधळ व्हायचा, कुणालाही रंगवून ठेवायची. मग मी सगळ्यांकडून घटवून घेतलं, आणि सहा आठवडे झाले, एक चूक नाही. इंजिनिअर मंडळी खूश — म्हणे मेबल शिकली. मी म्हटलं, मेबल कसली, शिकलो आम्ही!

म्हणजे — मर्लचं तेवढं झालं मध्ये. मर्ल ट्रक चालवायचे, डावा खांदा आखडलाय, हात कमरेच्या वर जात नाही. मेबलला वाटलं, पट्ट्यातून काहीतरी काढतायत. छातीवर तीन गोळ्या, नारिंगी. परत करून पाहिलं — परत तीन! स्वतःच हसत होते दिवसभर. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन, म्हणे सांधे धड असलेलीच माणसं पाठवत जा. यादी माझ्याकडं असते, खोडलं मी नाव. त्यात काय एवढं? जेवताना म्हणतात कसे — हो, म्हणजे, नवराच माझा — म्हणतात, "व्हर्ना, त्या खऱ्या गावात कुणाचा खांदा आखडत नसेल का गं? तिथं जाऊन कोण शिकवणार तुझी रीत?" मी म्हटलं, बीन्स गार होतायत, जेवा. तेव्हापासून आमच्या घरात टीव्हीच काय तो बोलतो. पण बोलले ते खोटं नाही, ते मलाही कळतं, मी काय दगड आहे का? जाऊ द्या. त्या शर्टाचा डाग मात्र जात नाही बघा, काय काय लावून पाहिलं.

चला, उठा, करून दाखवा. हात वर. छान — आता दुसरा. अहो, दुसरा! जात नाही? का? कधीपासून? आणि फॉर्मवर लिहिलं नाहीत? हं, काम हवं होतं — कळलं, मीही लपवलंच असतं. पण आज! नेमकं आजच! नियमानं मी तुम्हाला आत्ताच्या आत्ता घरी धाडायला हवं, तुमच्या जागी आमच्यातल्या डेलफीनचा भाऊ उभा करायचा, दोन मिनिटांचं काम आहे, यादी ही माझ्या हातातच…

बसवाला वाजवतोय हॉर्न, ऐकू येतंय मला, बहिरी नाहीये. नाही — झगा काढू नका. राहू द्या म्हणते ना! पहिल्या रांगेत उभं राहायचं, साहेबांच्या अगदी समोर. हात जेवढा जातो तेवढाच वर करा. रंग लागला तर पुसायचा नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही, समजलं? माझ्याकडं काय बघताय? जा, बसमध्ये बसा.