जयंतीच्या निळ्या मेणबत्त्या

नागुबाई : हीबी विझली. आता ह्या वातीला काय तोंडानं फुंकत बसू?

पंचशीला : आत्या, फुंकल्यावर विझतेच मेणबत्ती.

नागुबाई : लई शहाणी सून माझी! बघ, बुडाला निळा गाळ अन् वर पांढरी फटक. पेटवली की चटचट करती अन् जीव सोडती.

पंचशीला : रंग मेणात मिसळूनच न्हाई राहिला. दुकानात रेवणप्पा तर म्हणले, टाका, चढंल.

नागुबाई : त्याचं काय जातंय म्हणायला? यंदा पाणी न्हाई म्हणून रंगपंचमी झाली न्हाई. भुकटी तशीच पडलेली. त्याला तू भेटली.

पंचशीला : पाण्यात चांगली विरघळते की ती.

नागुबाई : पाणी असतं तर मग काय, तुझं लुगडंच रंगवलं असतं. ऐक माझं, पांढऱ्याच राहू दे. विहारातली वर्षभराची थोटकं वितळवून एवढ्या मेणबत्त्या पाडल्या, हे काय कमी हाय?

पंचशीला : बैठकीत मी निळ्या म्हणले, आत्या. सगळ्या बाप्यांपुढं उभी राहून म्हणले. यंदा बाबासाहेबांच्या जयंतीला मेणबत्त्या बाया करतील, अन् निळ्या करतील.

नागुबाई : हाव, होते की मी तिथं. माझा लेक मान खाली घालून सतरंजीचे धागे उपसत होता.

पंचशीला : अन् अध्यक्ष हसले. परवा जयंती. निळ्या झाल्या न्हाईत तर पुढच्या साली आपण परत कांदे चिरायला. बैठकीत तोंड उघडायची सोय न्हाई.

नागुबाई : कांदे मी जल्मभर चिरले. मेले का?

पंचशीला : न्हाई मेल्या. पण बोलल्याबी न्हाईत.

नागुबाई : ...परत भुकटी टाकून राहिली?

पंचशीला : हाव. ह्या वक्ताला हात थांबवायचाच न्हाई. ढवळतच राहायचं.

नागुबाई : तापलं का बघू दे. अगं आई आई आई!

पंचशीला : मेणात बोट घालतं का कुणी!

नागुबाई : गुळाचा पाक असाच बघते मी!

पंचशीला : तांब्यात बुडवा. बुडवा लवकर.

नागुबाई : प्यायचं पाणी हाय ते. टँकर उद्या येणार.

पंचशीला : बुडवा म्हणते ना. ते पाणी मी पीन... थांबा. बोट बघू.

नागुबाई : भाजलं, दुसरं काय बघती?

पंचशीला : आत्या, बोट निळं झालंय! शेंड्यापासून सारखं. गाळ न्हाई, ठिपका न्हाई.

नागुबाई : माझं बोट भाजलं अन् तू हसून राहिली?

पंचशीला : आपण रंग आतच कशाला घालून राहिलो? मेणबत्ती पांढरीच ठेवायची. वातीला धरून तुमच्या बोटासारखी बुडवायची, की लगेच वर. निळी फक्त साल. वात सगळी पांढऱ्या मेणात, भुकटी तिला लागतच न्हाई. द्या बरं ती एक.

(मेणबत्ती मेणाच्या डब्यात बुडून वर येते. जरा वेळानं काडी ओढल्याचा आवाज.)

नागुबाई : चटचट न्हाई.

पंचशीला : बोलू नका, विझंल.

नागुबाई : तिला काय कान हायेत? ...जळून राहिली गं. सरळ जळून राहिली.

व्यंकटी : आई, निघालो मी. लातूरची गाडी यायची वेळ झाली.

नागुबाई : लातूरला काय हाय तुझं?

व्यंकटी : मेणबत्त्या आणतो. अध्यक्ष म्हणले, बायांच्या भरवशावर राहू नको. आता आपला वेगळा जिल्हा झालाय, उस्मानाबादचं तोंड बघायचं काम न्हाई. लातुरात सगळं भेटतंय.

नागुबाई : पाणी भेटतंय का?

व्यंकटी : आई, गाडी जाईल. पाकिटं किती आणू?

पंचशीला : अहो, इकडं बघा तरी.

व्यंकटी : ...ही निळी कशी काय झाली?

नागुबाई : माझ्या बोटाला विचार.

व्यंकटी : अन् मी आता अध्यक्षाला काय सांगू?

नागुबाई : काही सांगू नको. परवा दिसंल त्याला. तू जातोच हायेस तर वातीचं सूत घेऊन ये. थोटकं अजून लई राहिलीत.