निळ्या धुराड्याची बोट

खलाशाची बायको पार्लरच्या खुर्चीत बसून केसांना रंग लावून घेत होती. नवऱ्याची निळ्या धुराड्याची बोट सहा महिन्यांनी उद्या धक्क्याला लागणार होती. मागच्या बाकावर नणंद-भावजयीची एक जोडी आपला नंबर यायची वाट बघत होती.

"ताई, लेक काय करते हल्ली?"

"समुद्राचा ताप मोजते."

"त्याला काय धाड भरलीय?"

"अगं, उपग्रहातून बघतात. नकाशावर गरम पाणी लाल, गार पाणी निळं. परवा ढग हटले आणि तिला लांबलचक लाल पट्टा दिसला. समुद्रात वाहणारी नदीच म्हण ना."

"आपल्याला मेला थर्मामीटर काखेत धरावा लागतो, आणि ही आभाळातून ताप बघते."

"जावई कप्तान ना. त्यांना लगेच कळवलं, बोट त्या पट्ट्यात घाला, पाणीच पुढं ढकलत आणील."

"म्हणजे नवरा लवकर घरी यावा म्हणून पोरीनं अख्खा समुद्र चाळला."

"कामच आहे तिचं. सगळ्याच बोटींना कळवतात."

"हो हो, कामच. मग कधी येतायत जावईबापू?"

"उद्या यायचे होते. आता आज दुपारीच येतायत. ती निळ्या धुराड्याची बोट त्यांचीच."

खलाशाची बायको ताडकन उठली.

"बाई, आधी हे धुऊन द्या."

"अहो, रंग अजून एकाच बाजूला लागलाय."

"असू दे. तीच बाजू त्यांच्याकडे ठेवीन."