मेव्हण्याची पांढरी गाडी आणि बोअरचं पाणी

तासाभरात! तासाभरात म्हणे धुऊन होते गाडी... हे ज्याने सांगितलं ना, त्याला एकदा आमच्या डहाणूला आणा, एक बादली द्या, एक फडकं द्या, आमच्या बोअरचं पाणी द्या, आणि घड्याळ लावून बसा समोर. मी आठवडाभर धुतोय हो! शाळेत फळा पुसायला हात वर केला की खांद्यातून कट्ट आवाज येतो, पोरं हसतात, आणि मास्तर तसाच, हात वर करून उभा...

आणि सांगितलं कोणी? आमच्या मेव्हण्याने. विपुल. बायकोचा धाकटा भाऊ, वाणगावचा. त्याने नवी गाडी घेतली, पांढरी. आता तुम्हीच सांगा, आमच्या बाजूला शहाणा माणूस पांढरी गाडी घेतो का? धुळीच्या रंगाची घ्या, मातीच्या रंगाची घ्या, निदान सुकटीच्या रंगाची घ्या... पण नाही, पांढरी! ती घेतली, सासूबाईंना बसवून विवळवेढ्याला महालक्ष्मीला नेली, पूजा केली, आणि तिथून थेट आमच्या दारात, डहाणू रोडला. का, तर साहेबांना कंपनीने महिनाभर ट्रेनिंगला पाठवलं, मग गाडी ठेवायची कुठे, तर ताईकडे. बॉनेटवर हा एवढा झेंडूचा हार, आणि चावी माझ्या हातात देताना त्याचा हात थरथरतोय. म्हणे भावोजी, उभी राहिली तर बॅटरी उतरेल, रोज एक चक्कर मारा, आणि धुवायची झाली तर बाहेर देऊ नका, ते लोक ब्रश मारतात, ओरखडे पडतात, घरीच धुवा... गाडी काय, तासाभरात धुऊन होते.

हात का थरथरत होता ते सांगतो. सासरवाडीत माझं नाव झालंय, जावयाच्या हातात दिलेली वस्तू धड परत येत नाही. का, तर एकदा शिडी आणली होती, तिची पायरी गेली. एकदा मिक्सर आणला, त्याचं झाकण आमच्याकडे राहिलं, शोधतोय अजून. एवढ्यावरून सासूबाई मला चहा देतात तोसुद्धा, मी कप नीट धरेपर्यंत बशी सोडत नाहीत!

आणि नेमकं अशा वेळी मी काय करावं? तलासरीला, आमच्या पाड्यावर, चारचौघांत बोलून बसलो, की शितल, माझी धाकटी बहीण, पुढच्या महिन्यात तिचं लग्न, ती सासरी जाईल तर पांढऱ्या गाडीतून जाईल. आमच्या घरातली एक पोरगी आजवर गाडीतून सासरी गेली नाही हो. सगळ्या टेम्पोत, वऱ्हाडाच्या भांड्याकुंड्यांत बसून गेल्या. शितल आत गेली, आणि दाराआड डोळे पुसले तिने, ते मी बघितलं. आता बोला! गाडी चकाचक परत गेली तरच मी पुन्हा मागणार ना? नाहीतर कुठल्या तोंडाने मागू?

बरं, रोज चक्कर मारायची, तर म्हटलं रिकामी कशाला फिरवा, लग्नाची आमंत्रणं करू. हा पाडा, तो पाडा, रस्ता कुठे आहे आणि शेत कुठे आहे ते गाडीलाही कळेना मलाही कळेना. वरून चिंचणीहून ओले बोंबील आणले, पिशवीला भोक. पिशवीला भोक आहे हे मला कधी कळलं? बोंबील उतरवून झाल्यावर! पाणी सगळं डिकीत. हार वाळला तो काढून टाकला, आणि गाडीकडे बघतो तर विपुलची गाडी कुठली आणि खडीवाल्याचा डंपर कुठला, सांगून दाखवा.

तो येणार रविवारी. मी सोमवारीच सुरुवात केली, अंगात उत्साह, गळ्यात टॉवेल. नळ आमच्याकडे येतो पहाटे, तो पण मेहेरबानी केल्यासारखा. मी पाइप लावला मात्र, बायको बाहेर, संगीता. अहो, पिण्याचं पाणी गाडीला पाजता? पोरांना काय समुद्राचं देऊ? झालं, पाइप बंद. मग राहिली बोअर. आता आमच्याकडे बोअर म्हणजे काय, वरून जमीन आणि खालून समुद्रच. त्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, फक्त रागच येतो.

पण सुरुवात काय झकास झाली म्हणून सांगू! बॉनेटवर धुळीखाली एक लाल डाग होता, फराटा आल्यासारखा. म्हटलं हायवेला बसच्या खिडकीतून कोणीतरी पान खाऊन पिचकारी मारलेली दिसते. त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, फडकं फिरवलं, आणि पहिल्या हाताला डाग सफा! म्हटलं वा, विपुल खरं बोलत होता, गाडी काय, तासाभरात धुऊन होते.

धुतली. उन्हात वाळली. आणि वाळल्यावर बघतो तर काय, अंगभर पांढरे ठिपके! पांढऱ्या गाडीवर पांढरे ठिपके दिसतात का? दिसतात! चष्मा काढला तरी दिसतात! काचेवर तर मीठ फुटलेलं. बोट लावून चाटलं, खारट. पुन्हा धुतली, पुन्हा तेच. लिंबू चोळलं, चिंच चोळली, संगीता म्हणाली मिरची तेवढी लावा, लोणचं तरी होईल.

मग आले नविनभाई. शेजारी, चिकूची वाडी आहे त्यांची, माणूस सज्जन, पण सल्ला दिल्याशिवाय कुंपणापासून हलत नाही. म्हणे, 'अरे मास्तर, उन्हात कशाला सुकवता? मारा चिकू नीचे लावो ने! कलाकमां सुकाई जाय.' झालं, यांचंही तेच, तासाभरात, फक्त गुजरातीत. लावली चिकूच्या सावलीत. गार सावली, वाऱ्याची झुळूक, एक ठिपका नाही पडला, मी नविनभाईंना हात जोडले. सकाळी जाऊन बघतो तर... वटवाघळं! पाहुणे जेवून गेले, आणि हात माझ्या टपावर पुसून गेले. अर्धे खाल्लेले चिकू, बिया, वरून झाडाचा चीक, तो काचेवर असा बसला की नखाने निघेना. त्यावर कोणीतरी सांगितलं खोबरेल लावा. लावलं. चीक निघाला, तेल बसलं. तेलावर धूळ बसली. धुळीवर मांजर बसलं.

मांजर का? तर डिकीतला वास! मी तिथे सोडा टाकला, कापूर ठेवला, डांबराच्या गोळ्या ठेवल्या, शेवटी मोगऱ्याचं अत्तर ओतलं. आता आत बसलं की वाटतं बोंबलाचं लग्न लागलंय. गल्लीतली मांजरं बोहल्यावर यावीत तशी एकेक करून बॉनेटवर, आणि पाय कुठून भरवून येतात, तर मी गाडी धुऊन केलेल्या चिखलातून. म्हणजे बघा, गाडी धुतली नसती तर चिखल नसता, चिखल नसता तर पंजे नसते... आणि हे म्हणतात तासाभरात होते!

शनिवारी मी हात टेकले. पायरीवर बसलो, संगीताला म्हटलं, जाऊ दे, शितलला सांगतो, टेम्पो सजवू चांगला. तिने माझ्याकडे बघितलं. आत गेली आणि पिण्याच्या पाण्याचा ड्रम सरकवत सरकवत दारात घेऊन आली. म्हणाली, 'धुवा. पोरं एक दिवस नविनभाईंकडचं पाणी पितील.' आणि पदर खोचून स्वतः फडकं घेतलं. तुम्हाला सांगतो, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मला ती पहिल्यांदा बघितली तशी दिसली. गोड्या पाण्याने दोघांनी मिळून धुतली. तरी खारट ठिपके काचेच्या कडेला होतेच, चीक टपावर थोडा होताच, आणि वास... वासाचं सोडा. पण चमकली! मांजराने बघून रस्ता बदलला.

रविवारी आले. विपुल आणि सासूबाई. विपुल नुसता गाडीभोवती फिरतोय, टपावरून हात फिरवतोय, माझा जीव त्या चिकावर. त्याला दिसला नाही. ठिपकेही दिसले नाहीत. डिकी उघडली, सासूबाईंनी वास घेतला, म्हणाल्या, हां, बोंबील ताजे होते. बस! मी मनातल्या मनात शितलला गाडीत बसवली, हार घातले, रवाना केली. तोंड उघडणार, की आई, पुढच्या महिन्यात जरा गाडी... तेवढ्यात सासूबाई बॉनेटसमोर थांबल्या. वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला.

'जावईबापू, माझा साथिया कुठाय?'

म्हटलं साथिया? म्हणजे स्वस्तिक? कुठलं स्वस्तिक?

'देवीच्या पायाचं कुंकू कालवून मी बोटाने काढला होता. हाराखाली. इथे.'

इथे म्हणजे बरोब्बर तिथे. आणि माझं तोंड बघा, देवाने दिलंय म्हणून उघडायचं! मी म्हणालो, 'आई, ते लाल? ते तर कोणीतरी थुंकलं होतं ना...'

संगीताने डोळे मिटले. विपुल गाडीआड गेला. सासूबाईंनी पदराने बॉनेटवरची ती जागा पुसली. मग म्हणाल्या, शिडी गेली, झाकण गेलं, ते मी सोडलं. मी मान खाली घातली, म्हटलं आई, मला काय बोलायचं ते बोला, पण शितलला मी शब्द दिलाय. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. साल निघालेली, बोटं सुरकुतलेली. म्हणाल्या, पोरीला गाडी मिळेल, शितल मला परकी नाही. पण आधी चला देवीला.

म्हणजे पुन्हा विवळवेढे. पुन्हा हायवे. पुन्हा तीच धूळ. सासूबाईंनी नवा साथिया काढला, ओला, ठसठशीत, आणि हुकूम सोडला की लग्न तुमच्याकडचं, तर गाडी लग्नापर्यंत तुमच्याच दारात राहू दे. विपुल जाताना चावी देतोय, हात आता जास्तच थरथरतोय, म्हणतो, 'भावोजी, लग्नाआधी एकदा धुवा. फक्त साथियाला थेंब लागता कामा नये. बाकीची गाडी काय...'

म्हटलं पुढचं बोलू नको!

पण आता काय करता? अख्ख्या गाडीवर एवढे डाग, ठिपके, चीक, तेल, पंजे... त्यातला पहिल्या फडक्याला निघालेला डाग तेवढा एकच होता. तर आता मी जेवणाचं ताट घेतो, साथियावर उपडं घालतो, एका हाताने ते ताट दाबून धरतो, आणि दुसऱ्या हाताने गाडी धुतो... तासाभरात.