दोन सायकलींपुरती साईडपट्टी

टर्नर: सव्वातीन इंच, मॅडम. पट्टी लावून मोजलंय मी. डांबर इथं, आणि माती पार खाली तिथं. लेथवर एवढी चूक केली असती, तर साहेबानं मला कारखान्याच्या दारातून आत घेतलं नसतं.

इंजिनियर: काका, आधी आत केबिनमध्ये बसा. रस्त्याचं काम चालू आहे म्हटल्यावर कडेला उंच-सखल राहणारच. आम्ही बोर्ड लावलाय ना?

टर्नर: लावलाय की. ‘वाहने सावकाश हाका.’ ट्रकवाला तो वाचत नाही आणि सायकलवाला सावकाशच असतो. मग लावलाय कुणासाठी?

इंजिनियर: तक्रार लेखी आणलीय?

टर्नर: ही घ्या.

इंजिनियर: ‘आम्ही सर्व सायकलवाले विनंती करतो की...’ सर्व? खाली सही तर एकच आहे.

टर्नर: चौघं होतो. गेल्या महिन्यापर्यंत. लंबू फिटर, भोंगा, आमचा वेल्डर आणि मी. अठरा वर्षं एकच पाळी, एकच रस्ता. अकरा किलोमीटर जायचं, अकरा यायचं.

इंजिनियर: मग त्यांच्या सह्या?

टर्नर: वेल्डरनं स्कूटर घेतली. भोंग्याला जावई गाडीतून सोडतो. दोघं म्हणाले, आता आमचा काय संबंध? आणि लंबू पडून आहे.

इंजिनियर: आजारी आहेत?

टर्नर: पडला, म्हणून पडून आहे. तुमच्या त्या कडेवरून चाक घसरलं. खुबा मोडला.

इंजिनियर: मला... हे मला कुणी कळवलंच नाही.

टर्नर: कोण कळवणार? मलाच उशिरा कळलं, आणि मी तर त्याच्या पुढंच होतो. पूर्वी साईडपट्टी पाच फूट होती, मॅडम. जोडीनं चालवायचो, गप्पा मारत. तुम्ही ट्रकांसाठी रस्ता रुंद केला आणि पट्टी आणली दीड फुटावर. मग काय, एकामागं एक. मी पुढं, लंबू मागं. घरातला पंखा कसा बंद पडला ते सांगत होतो त्याला. चांगला फर्लांगभर सांगत गेलो. मागून हूं नाही का चूं नाही, म्हणून वळून बघितलं. रस्ता रिकामा.

इंजिनियर: पाणी घ्या, काका.

टर्नर: राहू द्या. काम कसं होईल ते सांगा.

इंजिनियर: खरं सांगते. पट्टी कमी करण्याआधी आम्ही मोजणी केली होती, सकाळचे तीन तास. बाराशे ट्रक आणि सायकली चार.

टर्नर: ते आम्हीच.

इंजिनियर: चार सायकलींसाठी पाच फूट सोडा, असं मी वरच्यांना म्हणाले असते तर ते हसले असते.

टर्नर: म्हणालात का?

इंजिनियर: नाही.

टर्नर: हसले तर असतेच. पण म्हणायचं होतंत.

इंजिनियर: हो. आता पट्टी रुंद करणं माझ्या हातात नाही. पण कड बुजवून देते. मुरूम टाकून, रोलर फिरवून, थेट डांबराच्या बरोबरीला. पुलापासून तुमच्या कारखान्याच्या फाट्यापर्यंत. फक्त लंबूंचा दवाखान्यातला कागद लागेल. नुसतं ‘पडले’ म्हणून वर कुणी हलत नाही.

टर्नर: आणतो. त्याची बायको माझ्याशी बोलत नाही सध्या. पण आणतो.

(तीन आठवड्यांनंतर, त्याच साइट-केबिनमध्ये.)

इंजिनियर: या, काका. आता कुठे राहिली कड?

टर्नर: कुठंच नाही. सगळीकडं पट्टी लावून बघितली, खालून कागद सरकणार नाही. तुमच्या रोलरवाल्याचा हात चांगला आहे, सांगा त्याला.

इंजिनियर: मग आज तक्रार कसली?

टर्नर: तक्रार नाही. हेच सांगायला आलो.

इंजिनियर: आता बाकीचे पुन्हा येत असतील ना सायकलवर?

टर्नर: गेलो होतो प्रत्येकाच्या दारी. भोंगा म्हणाला, गाडीत माझी झोप होते. वेल्डर म्हणाला, स्कूटरनं अर्धा तास वाचतो. म्हटलं, त्या वाचलेल्या अर्ध्या तासाचं करतोस काय? तर म्हणाला, पोरांत बसतो. आता यावर काय बोलणार? आमची ही गेल्यापासून मी अर्धा तास वाचवून न्यायचा कुठं?

इंजिनियर: आणि लंबू?

टर्नर: वॉकर धरून दारापर्यंत आला. बायकोनं त्याची सायकल भंगारात घातली. सायकल त्याची गेली, आणि समजूत तो माझी काढत होता.

इंजिनियर: काका, ती कड मी आधीच भरून घ्यायला हवी होती. चुकलं माझं.

टर्नर: चुकलं खरं. मीही वळून बघायला उशीर केला.

इंजिनियर: एवढं सांगायला मुद्दाम वाट वाकडी केलीत?

टर्नर: वाकडी कसली? केबिन वाटेवरच तर आहे. अजून किती दिवस आहात इथं?

इंजिनियर: महिनाभर. मग पुढच्या टप्प्यावर हलवणार आम्हाला.

टर्नर: तेवढे तर आहात. मग महिनाभर सकाळी जाताना घंटी वाजवत जाईन.

इंजिनियर: सहा वाजता मी नसते हो इथे. केबिनला कुलूप असतं.

टर्नर: असू द्या. मी वाजवीन.