ज्वालामुखी मी विझवला

...आणि तो ज्वालामुखी मी विझवला, तो काय हौस म्हणून विझवला? मला घरात कामं कमी आहेत? पण आमचे हे आल्यागेल्याला सांगतात, "आमच्या हिनं सकाळी दोन देशांचा तह घडवला आणि मग कुकर लावला." हसा म्हणावं. तुम्हाला सांगते, जग चालवणं सोपं नाही हो.

झालं असं, की माझ्या सासऱ्यांच्या डोळ्याचा पडदा सुटला. एक डोळा आधीच गेलेला, हा एवढाच उरलेला. त्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सहा आठवडे वाचन बंद, वाकणं बंद आणि यांचं ब्लडप्रेशर चढता कामा नये. चढलं तर हाही डोळा गेला असं समजा." आता वाकणं बंद करता येतं. पण बाबांचं ब्लडप्रेशर चढतं कशानं? जगानं. लोकांना मीठ बाधतं, आमच्या बाबांना जग बाधतं. पस्तीस वर्षं त्यांनी टपाल खात्यात परदेशी पत्रं निवडली. कुठला देश पाकिटाला डिंक जास्त लावतो, कुठला तिकीट वाकडं चिकटवतो, सगळं तोंडपाठ. स्वतः कधी कुठं गेले नाहीत, पण कुठं भूकंप झाला की घरातलंच कुणी पडल्यासारखे येरझाऱ्या घालतात.

टीव्हीची वायर ह्यांनी काढून ठेवली, रेडिओ माळ्यावर टाकला. राहिला पेपर. पहिल्याच सकाळी पट्टी बांधलेले बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सूनबाई, जगाचं पान वाच."

मी पान उघडलं. काय सांगू तुम्हाला... वर युद्ध, खाली ज्वालामुखी, शेजारी कुठल्याशा संसदेत सभासदांनी एकमेकांवर खुर्च्या फेकलेल्या, कोपऱ्यात कुणा पंतप्रधानाला घालवलेलं... ह्यातलं मी काय वाचायचं? मी पट्टीकडं पाहिलं आणि म्हटलं, "संसदेत नवीन खुर्च्या आणल्या."

"आधीच्यांना काय झालं?"

"मोडकळीला आल्या होत्या, बाबा."

हे एका अर्थी खरंच होतं की नाही? पण एकदा जीभ वळली की वळली. पंतप्रधानाला मी रजेवर पाठवला. ज्वालामुखी विझवला. आणि युद्धाशी आले तेव्हा म्हटलं, "त्या दोन देशांचं नदीच्या पाण्यावरून चाललेलं भांडण मिटलं."

बाबा खुर्चीत सरळ झाले. "मिटलं? अगं, त्या दोघांची पत्रं एकाच थैलीत यायची. बहीण अलीकडं, भाऊ पलीकडं. बरं झालं गं... पण पाणी वाटलं कसं?"

आता मला काय ठाऊक? मी दहावीपर्यंत शिकलेली, भूगोलात काठावर पास. मला ठाऊक आमच्या इमारतीची टाकी. म्हटलं, "सकाळी सहा ते आठ ह्यांना, संध्याकाळी त्यांना."

"आणि कुणाकडं पाहुणे आले तर?"

"आदल्या दिवशी कळवायचं."

"शहाणी माणसं," बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांचं ब्लडप्रेशर इतकं छान आलं की नर्सनं मशीन हलवून पुन्हा मोजलं.

पण बाबांची स्मरणशक्ती म्हणजे टपालखात्याची. "परवाचा तो पंतप्रधान रजेवरून आला का?" आला का? मला काय माहीत, मी त्याला पाठवून विसरले होते. मग मी वाणसामानाच्या वहीतच लिहून ठेवायला लागले. साखर, साबण, तह, काडेपेटी. ही वही घेऊन हे दुकानात गेले आणि वाणी म्हणाला, "साहेब, साबण देतो, पण तह आमच्याकडं येत नाही." जग चालवणं सोपं नाही हो.

आणि तो सलूनवाला. दर मंगळवारी घरी येऊन बाबांची दाढी करतो. वस्तरा गालावर, आणि सुरू, "आजोबा, काय ती तिकडं आग, आभाळ नुसतं काळं—" मी हातातलं पातेलं सोडलं. मुद्दाम. त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हटलं, "भाऊ, डोळा जाईल हो त्यांचा." माणूस भला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पण पुढच्या मंगळवारी ह्या भल्या माणसानं काय करावं? "आजोबा, त्या ज्वालामुखीवर आता इतकं गार झालंय म्हणे, लोक स्वेटर घालून जातात."

बाबांच्या कपाळाला आठी. "सूनबाई, हे छापून आलं होतं?"

"आतल्या पानावर होतं, बाबा."

असे सहा आठवडे मी काढले. मग पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, "डोळा वाचला, आता खुशाल वाचा." घरात आनंद, आणि मला आठवला तो रजेवरचा पंतप्रधान. दुसऱ्या दिवशी बाबांनी चष्मा पुसला, पेपर घेतला. मी समोर कांदा चिरत बसले. अर्धा तास झाला. बाबांनी जगाचं पान दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. कांद्यानं माझे डोळे वाहत होते, ते बरंच होतं.

शेवटी बाबा म्हणाले, "सूनबाई, सहा आठवडे घसा कोरडा केलास. आजपासून मी वाचतो, तू ऐक."

त्यांनी पेपर उभा धरला. पहिलं पान माझ्याकडं. त्यावर धूर, पडलेली घरं, नदीकाठी डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई. आणि पानामागून बाबांचा आवाज, जरा घोगरा, "दोन्ही देशांचं पाण्याचं नीट चाललंय. वेळा पाळतात."

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, "आणि ज्वालामुखी, बाबा?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "लोकांनी स्वेटर घेऊन जावेत."

तेव्हापासून रोज हेच. बाबा वाचतात, मी ऐकते, पंतप्रधान रजेवर जातात, परत येतात. छान वाटतं, खोटं का बोलू? पण परवा म्हटलं, निदान एकदा खरं काय ते कळू दे. सलूनवाल्याला दारातच गाठलं. "भाऊ, जगात काय चाललंय हो?"

त्यानं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. हळूच म्हणाला, "ताई, तब्येत बरी आहे ना? मग सगळं उत्तम चाललंय."

आता तुम्ही एवढे जण बसलाय, म्हणून विचारते. तुमच्यात कुणी पेपर वाचतं का... की तुमच्याही घरी कुणाचं ऑपरेशन झालंय?